कात टाकताना हात लावू नका! व्हिप स्पायडरबद्दल वाचकांचे प्रश्न

व्हिप स्पायडर पाळणाऱ्यांनी आणि पाळायचा विचार करणाऱ्यांनी प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, आणि इतके आले की सगळे एका अंकात बसणं शक्यच नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. बरेचसे प्रश्न कात टाकताना मेलेल्या प्राण्यांबद्दल होते, वाचून खरंच वाईट वाटलं कारण त्यातले बहुतेक वाचू शकले असते. त्यामुळे त्या विषयाला यावेळी जास्त जागा देतेय.

प्रश्न : ताई, माझ्या मुलाला व्हिप स्पायडर पाळायचाय. मी फोटो बघितला आणि मला धडकीच भरली, एवढे मोठे काटेरी हात! विषारी असतो का हो? चावला तर काय करायचं?

अजिबात विषारी नसतो, टेन्शन घेऊ नका. विषाची ग्रंथीच नाही त्याला. विंचवासारखी नांगी नाही, कोळ्यासारखं जाळं विणायला रेशीमही नाही. नावात स्पायडर असलं तरी हा खरा कोळी नव्हे, कोळी आणि विंचू यांच्या मोठ्या कुटुंबातला पण वेगळ्या शाखेतला, आणि ही शाखा फार जुनी आहे, तीस कोटी वर्षांहून जुने जीवाश्म सापडलेत त्याचे. ते जे पुढचे काटेरी हात दिसतात ते भक्ष्य पकडायला. फारच कोंडीत पकडलं तर त्याने तो चिमटा काढेल, काटा टोचेल, मोठ्या जातीचा असेल तर रक्ताचा थेंब येईल. साबणाने धुवा, संपलं. खरं सांगू का, तुमच्या मुलापासून त्यालाच जास्त धोका आहे, कारण तो घाबरला की पळतो, तेही तिरका आणि विजेच्या वेगाने, आणि पळताना खाली पडला की पाय तुटतात.

प्रश्न : हातावर घेतलं तर चालेल का? व्हिडिओमध्ये लोक चेहऱ्यावर पण ठेवतात.

नका घेऊ. त्याला त्यातून काहीच मिळत नाही, आणि एक झटका बसला तर पाय गळून पडतो. साफसफाईला हलवायचा असेल तर समोर प्लास्टिकचा डबा धरा आणि मागून मऊ ब्रशने हळूच ढकला, तो स्वतःच आत जाईल.

प्रश्न : मी आधी टॅरँटुला, म्हणजे ते मोठे केसाळ कोळी, पाळलेत. व्हिप स्पायडर पहिल्यांदाच घेतोय. कुठल्या जातीपासून सुरुवात करू? आणि मोठाच घेऊ की पिल्लू?

जगात व्हिप स्पायडरच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत पण पाळणाऱ्यांकडे त्यातल्या मोजक्याच फिरतात. नवख्याला मी नेहमी डेमन डायडेमाच सांगते. पूर्व आफ्रिकेतला, केनिया टांझानियाकडचा. शरीर जेमतेम तीन सेंटीमीटर पण पाय पसरले की तळहात सहज झाकेल, आणि मुख्य म्हणजे थोडं इकडे तिकडे झालं तरी सहन करतो, शिवाय आपल्या जातीच्या इतरांबरोबर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतो. जागा कमी असेल तर फ्रायनस मार्जिनेमॅक्युलॅटस बघा, फ्लोरिडा, क्यूबा, बहामास भागातला, छोटासाच असतो आणि प्रजननालाही बरा. युफ्रायनिकस किंवा हेटेरोफ्रायनस हे भव्य प्रकार, त्यांचे चाबूक, म्हणजे पुढचे दोन लांब बारीक पाय, दोन्ही बाजूंना पसरले तर अर्ध्या मीटरच्या पुढे जातात, दिसायला देखणे आहेत यात वादच नाही, पण त्यांना डबा त्या मानाने मोठा लागतो आणि कात टाकताना चूक परवडत नाही. ते दुसऱ्या वर्षी.

मोठा की पिल्लू यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो डब्यात जन्मलेला आहे की जंगलातून पकडलेला. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की आई कुठली, पिल्लं कधी निघाली, शेवटची कात कधी टाकली. ज्याने स्वतः वाढवलेत तो पटापट उत्तरं देतो. जंगलातला प्राणी कधीकधी स्वस्तात मिळतो पण त्याचं वय माहीत नसतं, अंगावर परजीवी असू शकतात, प्रवासात वाळलेला असतो, आणि ज्या गुहेतून किंवा झाडावरून उचलला तिथे एक कमी झाला ते वेगळंच. मला विचाराल तर अर्धवट वाढलेली, डब्यात जन्मलेली तीन चार पिल्लं घ्या. टॅरँटुलाची सवय आहे म्हणताय म्हणून एक सांगते, टॅरँटुलाला जमीन लागते, याला भिंत लागते. तुमचा जुना आडवा डबा इथे चालणार नाही. आणि हो, प्राणी मागवायच्या आधी तुमच्या देशात तो ठेवायला, आणायला काय परवानगी लागते ते बघून घ्या, हा नियम सगळीकडे सारखा नसतो.

प्रश्न : ताई, माझा डेमन कात टाकताना खाली पडला आणि सकाळी मेलेला दिसला. अर्धा कातीच्या आत, अर्धा बाहेर. दोन आठवडे काही खात नव्हता म्हणून मी रोज दोन रातकिडे सोडत होतो. डबा ३० सेंटीमीटर लांब, २० उंच, आत पाच सात सेंटीमीटर माती आणि कॉर्कची साल सरळ उभी. माझं काय चुकलं?

आधी सांगते, तुम्ही दुर्लक्ष केलं म्हणून हे झालं असं अजिबात मनात आणू नका, उलट काळजीपोटीच तुम्ही खायला देत राहिलात. पण कारणं स्पष्ट दिसतायत आणि दुसऱ्या प्राण्याच्या वेळी ती टाळता येतील म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिप स्पायडर उलटा लटकून कात टाकतो. कातळाच्या किंवा सालीच्या तिरक्या पृष्ठभागाच्या खालच्या बाजूला पायांनी घट्ट धरतो, पाठीची पुढची कड फाटते, आणि मग गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने हळूहळू खाली सरकत जुन्या कातीतून बाहेर येतो. हे लांबच लांब बारीक पाय आणि त्याहून लांब चाबूक, एकेक करून हातमोज्यातून बोट काढावं तसे ओढून काढायचे असतात त्याला. आता विचार करा, बाहेर येताना त्याच्याखाली मोकळी जागा किती हवी? निदान त्याच्या पायांच्या पूर्ण पसाऱ्याएवढी. कमी पडली तर तो जमिनीला टेकतो, अंग अजून लोण्यासारखं मऊ असतं, पाय वाकडे होतात किंवा आतच अडकतात, आणि मग सुटका नाही. २० सेंटीमीटर उंचीच्या डब्यात पाच सात सेंटीमीटर माती, वरून कॉर्कची साल सरळ उभी, म्हणजे लटकायला जागाच उरली नाही.

म्हणून डबा उभा घ्या. मोठ्या डेमनला ३० बाय ३० बाय ४५ उंच असा काही मिळाला तर उत्तम. मागच्या भिंतीला कॉर्कच्या साली लावा, आणि एक दोन साली अशा तिरक्या टेकवा की त्यांच्या खालच्या बाजूला तो लटकू शकेल आणि त्याच्या खाली काहीही, म्हणजे खरंच काहीही नसेल, पाण्याचं भांडं नाही, काटकी नाही, प्लास्टिकचं झाड नाही. साल खरखरीत हवी. काच आणि गुळगुळीत प्लास्टिकवर त्याची पकड टिकत नाही, बरेचजण काचेवर चढलेला बघून खूश होतात पण कातीच्या वेळी तीच काच दगा देते. कॉर्क नसेल तर थर्माकोलला खोबणी कोरून, खरखरीत करून वापरतात, चालतं ते, पण रातकिडे कुरतडतात आणि तुकडे खाली पडतात तेवढं बघा.

दुसरी गोष्ट ओलावा. कात टाकायच्या आधीच्या दिवसांत हवा कोरडी असेल तर जुनी कात नीट सुटत नाही. आर्द्रता ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास, तापमान २४ ते २८ अंश. पण ओलावा म्हणजे चिखल नव्हे हं. खाली कोकोपीट दाबून पिळलं तर थेंब पडणार नाही इतपत ओलं, एका बाजूच्या भिंतीवर संध्याकाळी फवारा, आणि दोन बाजूंना जाळी म्हणजे हवा खेळती राहते. बंद डब्यात कोंदट ओलावा ठेवला तर बुरशी धरते, आणि बुरशीने मेलेले प्राणीही मी कमी बघितले नाहीत. हीट मॅट (डबा गरम ठेवणारी विजेची चटई) लावत असाल तर ती खाली नको, बाजूला लावा आणि थर्मोस्टॅटवर ठेवा, खाली लावली की माती वरून ओली दिसते आणि आतून कोरडी ठणठणीत होते.

आणि तिसरी गोष्ट, ते रातकिडे. खाणं बंद केलं, पोट फुगलेलं आहे, वरच एका जागी बसून आहे, चाबूक फारसे हलवत नाही, ही सगळी कात जवळ आल्याची लक्षणं. त्या वेळी डब्यात एकही जिवंत किडा नको, कारण तो लटकलेला असताना रातकिडा त्याला कुरतडतो आणि तो स्वतःचं रक्षण करूच शकत नाही. तीन आठवडे, कधी त्याहून जास्तही उपाशी राहील, राहू द्या. मोठा धडधाकट व्हिप स्पायडर एवढ्या उपासाने मरत नाही.

कात टाकून झाली की तो एकदम वेगळाच दिसतो, पांढरट हिरवट, हात थोडे गुलाबी झाक असलेले, फार सुंदर, आणि तेव्हाच लोकांना फोटो काढायला डबा उघडावासा वाटतो. बाहेरून काढा फोटो, फ्लॅश न मारता. रंग गडद होईपर्यंत, आणि त्यानंतरही आठवडाभर खायला देऊ नका, त्याचे जबडे आणि काटे कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

मध्येच अडकलेला दिसला तर काय करायचं असंही खूप जणांनी विचारलंय. ओढू नका, चिमटा घेऊन मदत करू नका. डब्यात कोमट पाण्याचा बारीक फवारा मारून हवेतला ओलावा वाढवा, त्याच्या अंगावर थेट नाही, आणि झाकण लावून बाजूला व्हा. कधी सुटतो, कधी नाही. एखादा पाय आत अडकून तुटला तरी तो जगतो, तुटलेला पाय पुढच्या कातीला परत येतो, आधी छोटा आणि बारीक, मग त्याच्या पुढच्या कातीला अजून लांब. मोठा झाल्यावरही हा प्राणी आयुष्यभर कात टाकत राहतो, नर टॅरँटुलासारखं शेवटची कात आणि संपलं असं याचं नसतं, त्यामुळे पाय भरून निघायची संधी मिळत राहते. आणि म्हणूनच डब्याची उंची हा एकदाचा प्रश्न नाही, हे प्राणी पाच, सात, काही तर दहा वर्षं जगतात आणि दर वेळी त्यांना तेवढीच मोकळी जागा लागते.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या दादाकडे व्हिप स्पायडर आहे. तो सारखे पुढचे लांब पाय हलवत असतो, कशासाठी? आणि तो मला ओळखतो का?

फार छान प्रश्न विचारलास. त्याला पाय आठ असतात पण चालतो सहाच पायांवर. पुढचे दोन पाय इतके लांब आणि बारीक झालेत की ते आता चालायचे राहिलेच नाहीत, ते स्पर्श करायचे आणि वास घ्यायचे झालेत. त्याला डोळे आहेत पण तो रात्री फिरतो, अंधारात डोळ्यांचा काय उपयोग, म्हणून तो एक चाबूक पुढे आणि एक बाजूला असा फिरवत सगळं चाचपून बघतो, भिंत कुठे आहे, किडा कुठे आहे, समोर दुसरा व्हिप स्पायडर आहे का.

आणि त्या चाबकांनी तो रस्ता पण शोधतो बरं का! कोस्टा रिकाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी व्हिप स्पायडरना त्यांच्या झाडापासून दहा मीटर लांब नेऊन सोडलं, रात्रीच्या अंधारात, आणि त्यातले बरेच परत आपल्याच झाडावर आले. मग काहींचे डोळे झाकले, तरी आले. पण चाबकांची टोकं झाकली तेव्हा मात्र रस्ता सापडेना. त्याच्या मेंदूत आठवण आणि शिकण्याशी संबंधित एक भाग असतो, तो त्याच्या शरीराच्या मानाने खूपच मोठा असतो.

तुला ओळखतो का? माणसाचा चेहरा ओळखणं त्याच्या कामाचं नाही रे. पण आपली साल कुठली, लपायची जागा कुठली हे त्याला नक्की कळतं, म्हणून दादाला सांग की सारखी डब्याची मांडणी बदलू नकोस. रात्री लाल दिवा लावून लांबून बघत बस, तो कसा चाबूक टेकवत टेकवत निघतो ते दिसेल.

प्रश्न : चार डेमन एकाच डब्यात ठेवले तर एकमेकांना खातील का?

डेमन डायडेमा असतील, सारख्या आकाराचे असतील, साली भरपूर असतील आणि पोटं भरलेली असतील तर सहसा नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा रेयर आणि लिसा टेलर या दोघींनी डेमन डायडेमा आणि फ्रायनस मार्जिनेमॅक्युलॅटस यांच्या कुटुंबांवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दिसलं की पिल्लं मोठी होईपर्यंत आईच्या आणि एकमेकांच्या जवळ राहतात, आई मध्ये बसून आपल्या चाबकांनी पिल्लांना कुरवाळते, तीही तिला कुरवाळतात, आणि अनोळखी डब्यात इकडे तिकडे सोडली तर काही मिनिटांत परत एकत्र जमतात. कोळी विंचवांच्या जगात हे फारच कमी बघायला मिळतं.

पण दोन मोठे नर एका छोट्या डब्यात नकोत. ते हात उघडून समोरासमोर उभे राहतात, एकमेकांकडे चाबूक थरथरवत बराच वेळ ताकद अजमावतात, बहुतेक वेळा एकजण माघार घेतो, पण डब्यात माघार घेऊन जाणार कुठे? एक नर आणि दोन तीन माद्या हे प्रमाण बरं. आणि कोणाची कात झाली की दोन दिवस लक्ष ठेवा, मऊ अंगाच्या प्राण्यावर भुकेला भाऊ पण हल्ला करू शकतो. हेटेरोफ्रायनस वगैरे मोठे प्रकार असतील तर मी एकेकटेच ठेवा म्हणेन.

प्रश्न : खायला काय आणि किती?

रातकिडे, डुबिया झुरळं, पतंग. किडा त्याच्या शरीराच्या लांबीपेक्षा मोठा नको. मोठ्याला आठवड्यातून एकदा पुरतं. नाही खाल्ला तर सकाळी काढून घ्या. पाणी फवाऱ्याच्या थेंबातून पितो, मोठ्यांसाठी एक उथळ भांडं कोपऱ्यात ठेवलं तर चांगलंच, फक्त लटकायच्या जागेखाली नको.

प्रश्न : ताई, माझ्याकडे दीड वर्षाची जोडी आहे असं विकणाऱ्याने सांगितलं. एकत्र ठेवून चार महिने झाले पण अंडी नाहीत. नर मादी ओळखायचं कसं? आणि यांचं मीलन होतं तरी कसं, मी तर कधीच बघितलं नाही.

आधी जोडी आहे का ते बघू. बऱ्याच जातींत मोठ्या नराचे काटेरी हात मादीपेक्षा लांब असतात, पण हे शेजारी शेजारी आणि दोघं पूर्ण वाढलेले असतील तरच कळतं. खात्रीचा मार्ग म्हणजे पोटाच्या खालच्या बाजूला पुढे जे झाकण असतं त्याच्या आतला भाग, तो दोघांत वेगळा असतो. त्यासाठी जिवंत प्राण्याला उलटा करायची गरज नाही, टाकलेली कात जपून ठेवा, पाण्यात थोडी भिजवा म्हणजे मऊ होते, आणि भिंगाखाली बघा, जोडीला त्याच जातीच्या नर मादीचे फोटो ठेवा. विकणाऱ्याने सांगितलेली जोडी दोन माद्या निघाल्याचं मला खूप जणांनी कळवलंय. दीड वर्ष हेही काठावरचं वय आहे, काही तोपर्यंत वयात येतात, काहींना अजून एखादी कात लागते.

आता मीलन. नर मादीला शरीराने भिडत नाही. तो आधी चाबकांनी तिला हळूहळू चाचपतो, थरथरवतो, ती पळून गेली तर परत सुरुवात, हे तासन् तास चालतं आणि बहुतेक रात्रीच, म्हणून तुम्हाला दिसलं नसणार. ती थांबली की तो सालीवर किंवा जमिनीवर देठावर उभी राहणारी शुक्राणूंची एक छोटी पुडी ठेवतो, आणि मग चाबकांनी खुणावत तिला त्यावर आणतो, ती ती पुडी स्वतः उचलून घेते. ती ठेवायला सपाट, घट्ट, स्वच्छ जागा लागते. पूर्ण डबाभर भुसभुशीत माती आणि पालापाचोळा असेल तर अडचण होते, म्हणून एक रुंद, सपाट साल ठेवाच.

वेळ पण महत्त्वाची. मादीने नुकतीच कात टाकून, अंग कडक होऊन, दोन तीन वेळा पोटभर खाल्लं की मग नर सोडा. कारण मादी पुढची कात टाकायच्या बेतात असेल तर अंडी पोटाशी धरून ठेवायला तिच्याकडे वेळच उरत नाही. तुमच्या चार महिन्यांत तिने कात टाकलीय का हे लिहिलं नाहीत तुम्ही, टाकली नसेल तर बहुधा तेच कारण, थोडं थांबा. मीलन झाल्यावरही अंडी यायला काही आठवडे ते काही महिने जातात.

जाता जाता, कॅरिनस या छोट्या जातींच्या गटात काही जातींत नराशिवायच पिल्लं होतात, क्यूबातल्या कॅरिनस अकोस्टामध्ये असं दिसलंय. तुमच्या जातीत ते नाही, नर लागणारच.

प्रश्न : माझ्या मादीने दोनदा अंडी धरली आणि दोन्ही वेळा खाऊन टाकली. आता तिसऱ्यांदा पोटाखाली पिशवी दिसतेय. प्लीज सांगा काय करू, यावेळी पिल्लं बघायचीच आहेत.

सगळ्यात आधी तो डबा हलवणं बंद करा. रोज टॉर्च मारून अंडी मोजणं बंद करा. मला कळतं, उत्सुकता असते, इतक्या महिन्यांची वाट बघून झालेली असते, पण अंडी सोडून देणं किंवा खाणं यामागे तुमच्यासारख्या सांगणाऱ्यांच्या डब्यात बहुतेक वेळा हीच कारणं सापडतात: त्रास, कोरडेपणा, बुरशी, किंवा मुळात अंडी फळलेलीच नव्हती. शेवटच्याला तुम्ही काही करू शकत नाही, बाकी तिन्ही तुमच्या हातात आहेत.

मादी अंडी पोटाच्या खाली एका पिशवीत चिकटवून बाळगते, पिशवी तिच्याच स्रावाची, आधी पारदर्शक मग वाळून तपकिरी होते. लहान जातींत अंडी मोजकीच, मोठ्या जातींत पन्नास साठपर्यंत. साधारण तीन महिने ती हे ओझं घेऊन फिरते, म्हणजे फिरतेच कमी, एका सालीमागे बसून राहते. नराला त्या डब्यातून काढा, इतरांनाही काढा किंवा तिला शांत डब्यात ती अंडी धरायच्या आधीच हलवलेलं बरं, आता तिसऱ्या पिशवीच्या वेळी तिला हलवू नका, इतरांनाच काढा. आर्द्रता ८० च्या जवळ ठेवा आणि फवारा भिंतीवर, तिच्या पोटावर पाणी जाता कामा नये. मातीत स्प्रिंगटेल, म्हणजे उड्या मारणारे अगदी बारीक किडे, सोडलेले असू द्या, बुरशी आणि उरलेसुरले तुकडे तेच साफ करतात. खायला लहान, मऊ किडे आठवड्याने एखादा, आणि रात्री नाही खाल्ला तर सकाळी बाहेर. भरपूर रातकिडे डब्यात मोकळे फिरत असतील तर ते पिशवी पण कुरतडतात.

मग एके दिवशी पिशवीतून पिल्लं निघतात आणि आईच्या पाठीवर चढतात. पांढुरकी, मऊ, एकमेकांना चिकटून बसलेली. पहिली कात होईपर्यंत, म्हणजे आठ दहा दिवस कमी जास्त, ती तिथेच. या दिवसांत जे पिल्लू खाली पडेल ते वाचत नाही, उचलून परत ठेवूनही उपयोग होत नाही, म्हणून या काळात डब्याला धक्का लागू देऊ नका, झाकण उघडू नका, फवारासुद्धा जाळीतून. पहिली कात टाकली की ती रंग धरतात, छोटे छोटे काटेरी हात दिसायला लागतात, आणि ती एकेक करत पाठीवरून उतरतात. तोपर्यंत ती काही खात नाहीत, आईसुद्धा फार खात नाही, तेव्हा पिल्लं उपाशी आहेत म्हणून घाबरून काही आत टाकू नका.

यावेळीही तिने पिशवी टाकली तर तिला दोष देऊ नका. तिला खाऊ पिऊ घाला, एक कात होऊ द्या, आणि दुसरा नर मिळतो का बघा.

प्रश्न : पिल्लं उतरली! सव्वीस आहेत. आता आईबरोबर ठेवू की वेगळी करू? आणि एवढ्याशा तोंडांना काय खायला घालायचं?

मनापासून अभिनंदन! डेमन असतील तर निदान पहिले काही महिने आईबरोबरच राहू द्या, सुरक्षित आणि मजेत राहतात, आणि ती सगळी एका सालीखाली चाबूक एकमेकांवर टेकवून बसलेली बघणं यासाठीच तर आपण हे सगळं करतो. दुसरी एकटी राहणारी जात असेल तर उतरल्यावर आठवड्याभरात वेगळी करा. छोटा डबा चालेल पण तोही उभा, आत सालीचा तिरका तुकडा, खाली ओलसर माती, आणि झाकणाला इतकी बारीक जाळी की पिल्लू त्यातून निसटणार नाही, ती फार चपटी असतात, फटीतून आरामात जातात.

खायला सुरुवातीला स्प्रिंगटेल, पंख नसलेल्या फळमाश्या, अगदी नुकतेच निघालेले रातकिडे. दोन तीन दिवसांनी थोडं थोडं. पिल्लांना मोठ्यांसारखा उपास झेपत नाही, आणि ती लवकर वाळतात, म्हणून फवारा चुकवू नका. फळमाश्यांचं कल्चर, म्हणजे डबीत वाढवायची पैदास, आई अंडी धरून असतानाच चालू करून ठेवायचं असतं, ज्यांची मादी आत्ता अंडी धरून आहे त्यांनी याच आठवड्यात चालू करा. तुमच्याकडे नसेल तर एखाद्या पाळणाऱ्याकडून उसनं घ्या, पण आजच.

सव्वीस सगळी जगणार नाहीत, पहिल्या दोन तीन कातींत काही जातात, सगळी काळजी घेऊनही जातात. जी मोठी होतील ती द्यायच्या वेळी डब्यावर जात, आईबाप कुठले, जन्मतारीख आणि शेवटच्या कातीची तारीख लिहून द्या. सख्खी भावंडं जोडी म्हणून एकाच माणसाला देण्यापेक्षा दुसऱ्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करा, त्यांच्या पुढच्या पिढीसाठी बरं. जास्त झाली म्हणून बागेत किंवा जंगलात मात्र एकही सोडू नका, ती तिथली नाहीत. पाठवताना प्रत्येक पिल्लू वेगळ्या डबीत, आत ओलसर टिश्यू आणि पकडायला जाळीचा तुकडा, आणि ज्याने गेल्या आठवड्यात कात टाकलीय किंवा टाकायच्या बेतात आहे ते पिल्लू मागे ठेवा, पुढच्या वेळी पाठवा.